गांडूळ : शेडमधले आणि शेतातले

बाणा नसलेल्या माणसाला ‘गांडूळ’ म्हणून हिणवण्याची मराठीत जुनी रीत आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. या जीवाला कणा नसतोच. परंतु ज्या काळ्या आईच्या भरवशावर हा देश जेवतो, तिची कणरचना टिकवण्याचे काम याच बिनकण्याच्या जीवाने मुकाट्याने केले आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत शेतीच्या क्षेत्रात तरी त्याचा मान वाढला. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत, शाळेच्या पाठ्यपुस्तकांत, महिला बचत गटांच्या प्रशिक्षणवर्गांत गांडूळ ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणून विराजमान झाले. मान वाढला की त्याच्या नावावर नको ते दावेही खपू लागतात. गांडुळाच्या बाबतीत तेच घडले आहे.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला स्वतंत्र योजना म्हणून मान्यता दिली. २,४८१ कोटी रुपयांची तरतूद, एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याचे उद्दिष्ट आणि दहा हजार जैव-निविष्ठा संसाधन केंद्रे असा तिचा विस्तार आहे. अशा योजनेचा किंवा सेंद्रिय शेतीच्या कोणत्याही उपक्रमाचा विषय निघाला की ग्रामविकासात काम करणाऱ्या कार्यकर्त्याच्या डोळ्यांपुढे सर्वप्रथम उभी राहते ती गांडूळखताची शेड. उद्घाटनाला सोयीची, छायाचित्रात दिसणारी, अनुदानाच्या नियमात बसणारी! तिच्या जोडीला पत्रक असते : गांडुळे सोडा, जमीन भुसभुशीत होईल, पाणी मुरेल, सेंद्रिय कर्ब वाढेल. अलीकडे त्यात आणखी एक ओळ वाढली आहे : हवेतील कार्बन जमिनीत साठेल. या सर्व विधानांची एकदा शांतपणे छाननी होणे आवश्यक आहे, कारण त्यांच्यावर विश्वास टाकून पैसे खर्च करणारा शेतकरी बहुधा कोरडवाहू असतो आणि त्याला फसण्याची चैन परवडणारी नसते.

जमिनीतील गांडुळाच्या थोरवीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. चार्ल्स डार्विन या विषयाकडे वळला तो तरुणपणीच. १८३७ मध्ये त्याने लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेपुढे यावरचा पहिला निबंध वाचला, आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, १८८१ मध्ये, त्याचे अखेरचे पुस्तक निघाले तेही गांडुळांवरच. मधल्या काळातील त्याचा एक प्रयोग अजूनही थक्क करतो. १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या कुरणावर खडूचा चुरा पसरला आणि १८७१ मध्ये तेथे चर खणला. पांढऱ्या खडूची रेघ सात इंच खोल गेली होती. खडू बुडाला नव्हता. एकोणतीस वर्षे गांडुळांनी खालची माती विष्ठेच्या रूपाने वर आणून टाकली होती. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दर वर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, हा अंदाज त्याने अशाच मोजण्यांवरून बांधला.

या पुस्तकाची १९४५ मध्ये नवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिला प्रस्तावना लिहिली ती सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी. होळकरांच्या इंदूरमध्ये राहून कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध करणारे आणि आपण शेती शिकलो ती भारतीय शेतकऱ्यांकडून, असे मोकळेपणाने मान्य करणारे हेच ते हॉवर्ड. डार्विनने गांडुळाचे काम मोजले. ते काम ज्या जमिनीत चालते तिला अन्न कोण घालणार, हा प्रश्न हॉवर्ड यांनी पुढे नेला. सगळ्या चर्चेत नेमका हाच प्रश्न आज मागे पडतो.

याचे कारण असे की, गांडूळ हा शब्द एक असला तरी जीव एक नाही. फ्रेंच संशोधक मार्सेल बूशे यांनी १९७० च्या दशकात राहणीनुसार गांडुळांचे तीन गट पाडले आणि ती विभागणी आजही जगभर वापरली जाते. पहिला गट पालापाचोळ्यात, शेणाच्या ढिगात, उकिरड्यात राहणारा. दुसरा मातीच्या वरच्या फूटभर थरात आडवी बिळे करीत माती खाणारा. तिसरा खोल, उभी बिळे पाडणारा. तो रात्री वर येतो, पाला ओढून खाली नेतो आणि बिळाच्या तोंडाशी मातीच्या गोळ्यांचा ढीग रचतो. गांडूळखताच्या शेडमध्ये वाढवली जाते ती प्रामुख्याने पहिल्या गटातील मंडळी : युरोपातून जगभर पोहोचलेले आयसेनिया फेटिडा, आफ्रिकेतील युड्रिलस युजेनी आणि आपल्या प्रदेशातील पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस. ही खादाड, झपाट्याने वाढणारी आणि ओल्या कुजक्या पदार्थावर जगणारी गांडुळे आहेत. केवळ माती हे त्यांचे अन्न नव्हे आणि बीळ हे त्यांचे घर नव्हे. ज्वारीच्या किंवा कपाशीच्या उघड्या रानात ती किलोने आणून सोडली, तर पहिल्या कडक उन्हात त्यांचा निकाल लागतो. याउलट पावसाळ्यात बांधावर, गोठ्यामागे, झाडाखाली दिसणारे देशी लॅम्पिटो मॉरिशी मातीत शिरून काम करते, उन्हाळ्यात खोल जाऊन सुप्तावस्थेत राहते आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर वर येते. शेडमधले आणि शेतातले, ही दोन वेगळी खाती आहेत. पत्रकात मात्र एकाची पुण्याई दुसऱ्याच्या नावावर जमा केलेली असते.

चेन्नईतील न्यू कॉलेजचे डॉ. सुलतान अहमद इस्माईल यांनी स्थानिक जातींचाच आग्रह धरला आणि ढिगातल्या गांडुळाबरोबर मातीतल्या गांडुळाचाही विचार केला. महाराष्ट्रात श्रीपाद अच्युत दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराचा भर जैवभाराचे रूपांतर शेतातल्या शेतात करण्यावर होता. म्हणजे हा भेद कुणाला ठाऊकच नव्हता, असे म्हणता येत नाही. तो योजनेच्या कागदात उतरला नाही, एवढेच.

आता जमिनीच्या जडणघडणीचा मुद्दा. चांगली जमीन म्हणजे केवळ अन्नद्रव्यांची पेटी नसते. वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे सुटे कण एकमेकांना धरून लहान-मोठे गुंडाळे तयार होतात. त्यांच्या आत आणि अधेमधे पोकळ्या राहतात. त्या पोकळ्यांतून पाणी मुरते, हवा खेळते, मुळे वाट काढतात. हे गुंडाळे पाण्यात टिकले तर वळवाच्या सरीनंतर जमिनीवर पापुद्रा धरत नाही, आणि विरघळले तर पाण्याबरोबर शिवार वाहून जाते. मातीत राहणारे गांडूळ माती आणि कुजणारे अवशेष एकत्र गिळते, आतड्यात चिकट स्राव आणि असंख्य जिवाणूंच्या संगतीत त्यांचे मळणे होते आणि बाहेर पडते ती ओलसर, मऊ विष्ठा. ती ताजी असताना सहज फुटते. मात्र एकदा नीट वाळली की तिच्यात सूक्ष्म कणसमूह घट्ट बसतात, आणि त्यांच्या पोटात काडीचे, मुळाचे बारीक तुकडे चिकणमातीच्या वेष्टनात बंद होतात. जिवाणूंना तेथवर सहज पोहोचता येत नाही. म्हणून त्या तुकड्यांतील कर्ब उघड्यावरच्या कर्बापेक्षा अधिक काळ टिकतो. शिवाय बिळांच्या भिंतींना लागलेला लेप त्या पोकळ्या धरून ठेवतो, हे वेगळेच. खतातून आलेला कर्ब मातीत मिसळणे आणि मातीने तो असा पोटात घेणे यांत जे अंतर आहे, ते हे गांडूळ कापते, शेडमधले नव्हे.

तरीही ‘गांडूळ म्हणजे भुसभुशीत जमीन’ हे समीकरण सर्वत्र खरे ठरत नाही. ब्राझीलमध्ये मानाउसजवळ अवजड यंत्रांनी जंगल साफ करून कुरणे केली गेली. तेथील मूळ जातींची गांडुळे आणि इतर भूजीव नाहीसे झाले, आणि पोन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस ही एकच जात बेसुमार वाढली. वर्षाला हेक्टरी शंभर टनांहून अधिक विष्ठा टाकत तिने जमिनीचा वरचा थर असा लिंपून काढला की मोठ्या पोकळ्या बुजल्या आणि पाणी मुरेनासे झाले. १९९९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे त्याच कुरणातील मातीचे ठोकळे उचलून शेजारच्या जंगलात नेऊन ठेवले, तेव्हा तेथील नाना प्रकारच्या जीवांनी वर्षभरात ती माती पुन्हा सच्छिद्र केली. माती घट्ट करणारे आणि मोकळी करणारे असे दोन्ही प्रकारचे जीव एकत्र नांदत असले तरच जडणघडण टिकते, हा त्यातला बोध. हेच पोन्टोस्कोलेक्स आज केरळातील आणि पश्चिम घाटातील मळ्यांतही आढळते, म्हणून ही कथा केवळ ॲमेझॉनची मानण्याचे कारण नाही. उत्तर अमेरिकेत तर याहून उलटे चित्र आहे. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या तेथील उत्तरेकडील जंगलांत मूळची गांडुळेच नव्हती. युरोपीय वसाहतींबरोबर ती आली आणि त्यांनी जंगलाच्या तळाशी साठलेला पालापाचोळ्याचा जाड थर फस्त करण्यास आरंभ केला. जीव तोच, भूमी वेगळी, परिणाम वेगळा.

कर्बसंचयाचा प्रश्न याहून अधिक काळजीपूर्वक पाहावा लागतो, कारण येथे भावनेपेक्षा बेरीज-वजाबाकी महत्त्वाची आहे. मूळ गोष्ट अशी की, गांडूळ कर्ब निर्माण करीत नाही. हवेतून कर्ब खेचण्याचे सामर्थ्य हिरव्या पानात आहे. गांडूळ त्या कर्बाची जागा आणि रूप बदलते, आणि बदलताना स्वतः श्वासही घेते. २०१३ मध्ये नेदरलँड्समधील वाखेनिंगन विद्यापीठाच्या इन्ग्रिड लुबर्स आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. गांडुळे असलेल्या जमिनीतून कार्बन डायऑक्साइड ३३ टक्के अधिक आणि नायट्रस ऑक्साइड ४२ टक्के अधिक बाहेर पडतो, असा निष्कर्ष निघाला. जमिनीतील कर्बाचा साठा वाढल्याचे मात्र दिसले नाही. याच वर्षी चिनी शास्त्रज्ञांनी त्याला उत्तर दिले. गांडुळे सेंद्रिय पदार्थ जलद कुजवतात हे खरे, पण त्याच वेळी ती कर्बाचा त्याहून मोठा वाटा टिकाऊ रूपात नेतात, म्हणून अखेरचा हिशेब साठ्याच्या बाजूने झुकतो, असे त्यांनी दाखवले. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी समजण्यासारख्या आहेत. प्रयोगशाळेच्या भांड्यात काही आठवडे किंवा महिने पाहिले तर श्वास अधिक दिसतो. विष्ठेचे गोळे वाळून जुने होऊ दिले तर आत अडकलेला कर्ब दिसू लागतो. परंतु ते गोळे जुने होण्याआधीच दर हंगामात रोटाव्हेटरने त्यांचा चुरा केला, तर श्वास तेवढा पदरात पडतो आणि संचय हातचा जातो. भारतातील बहुतेक नांगरटीच्या जमिनींत नेमके हेच होते.

गांडूळखताच्या गोणीचा हिशेब यापेक्षा सोपा आहे. एक एकर जमिनीच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर थरातील मातीचे वजन ढोबळमानाने आठशे टन भरते. तिचा सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर न्यायचा तर निव्वळ आठशे किलो कर्ब त्या थरात टिकवावा लागेल. खत नियंत्रण आदेशानुसार गांडूळखतात सेंद्रिय कर्ब किमान १८ टक्के असावा लागतो आणि ओलावा १५ ते २५ टक्के चालतो. म्हणजे एकरी दोन टन खत घातले तर जमिनीत जातो सुमारे तीनशे किलो कर्ब. तो सगळाच्या सगळा टिकला असे मानले तरी वाढ ०.०४ टक्क्याच्या आतच राहते, आणि आपल्या उष्ण हवामानात त्याचा मोठा भाग एक-दोन वर्षांतच हवेत परततो. शिवाय खत होताना मूळ काडीकचऱ्यातील कर्बाचा निम्म्याच्या आसपास भाग शेडमध्येच उडून गेलेला असतो, तो वेगळा.

याचा अर्थ गांडूळखत निरुपयोगी आहे असा मुळीच नव्हे. त्याच दोन टनांत सोळा ते वीस किलो नत्र असते. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या एका गोणीत साधारण तेवढेच नत्र भरते. युरियाचे नत्र चार दिवसांत उडते-वाहते, खताचे सावकाश मिळते, आणि त्याबरोबर स्फुरद, पालाश, सूक्ष्म अन्नद्रव्ये व जिवाणूही येतात. भाजीपाला, रोपवाटिका, फळबाग यांना ते अमृतासमान आहे. खत म्हणून त्याची योग्यता निर्विवाद आहे. जमिनीची जडणघडण आणि हवामानबदलावरचा उपाय म्हणून ते खपवले जाते, आक्षेप तेवढ्यावरच आहे.

त्या तीनशे किलोंच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहावा. एका एकर उसाच्या तोडणीनंतर तीन ते चार टन वाळलेले पाचट शेतात पडते. त्यात दीड टनाच्या आसपास कर्ब असतो. पश्चिम महाराष्ट्रात आजही अनेक ठिकाणी हे पाचट एका दुपारी काडी लावून मोकळे केले जाते, आणि पुढच्या आठवड्यात तोच शेतकरी गांडूळखताच्या गोण्यांची चौकशी करतो! विदर्भात कपाशीच्या पऱ्हाट्यांचे आणि बांधावर पेटवलेल्या धसकटांचे तेच. पाचटाचाही बराचसा कर्ब कुजताना हवेत जाणार, यात शंका नाही. पण तो जाताना मातीतल्या गांडुळांना जेवू घालून जाईल, जमीन झाकून ओल राखेल आणि गुंडाळ्यांच्या पोटात काही शिल्लक ठेवील. जाळल्यावर उरते ती राख आणि भाजलेली माती.

उत्पादनाच्या बाजूनेही हीच साक्ष मिळते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात गांडुळे असलेल्या जमिनीत पिकाचे उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी अधिक आढळले. त्या आकड्यामागची अट मात्र सहसा कुणी वाचत नाही. जेथे पिकाचे अवशेष जमिनीत परत दिले होते तेथे ही वाढ ठळक होती, आणि जेथे रासायनिक नत्र भरपूर दिले होते तेथे ती जवळपास पुसली गेली. १९९० च्या दशकात तामिळनाडूतील चहाच्या मळ्यांत संबळपूर विद्यापीठ आणि फ्रेंच संशोधक यांनी मिळून केलेल्या प्रयोगांतही ओळींमधील चरांत चहाच्या छाटणीचा पाला, शेणखत आणि मातीत राहणारी गांडुळे असे तिन्ही एकत्र घातले होते, आणि मळे सुधारले. नुसती गांडुळे सोडून चमत्कार घडत नाही. त्यांचे अन्न आधी सोडावे लागते.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण नेरळचे आहे. कर्जत तालुक्यातील सगुणा बागेच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी चिखलणी आणि लावणी टाळणारी पद्धत रूढ केली. गादीवाफे एकदाच करायचे, त्यावर साच्याने टोकण करायची, कापणीनंतर बुडखे आणि मुळे जमिनीतच राहू द्यायची, आणि त्याच वाफ्यावर नांगर न लावता वाल किंवा दुसरे रब्बी पीक घ्यायचे. गेल्या दशकात ही पद्धत कोकणाबाहेरही गेली. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने ती मराठवाडा-विदर्भातील कोरडवाहू पिकांपर्यंत नेली. या शेतांत शेतकरी सर्वप्रथम जे बोट दाखवून सांगतात ते म्हणजे परतलेली गांडुळे. कुणी विकत आणून सोडली नव्हती. चिखलणी थांबली, मुळे जागच्या जागी कुजू लागली आणि बांधावर तग धरून राहिलेले हे जीव शेतात उतरले. यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. चाळीस देशांतील प्रयोगांच्या २०१७ मधील आढाव्यात, नांगरट बंद केलेल्या जमिनीत गांडुळांची संख्या नेहमीच्या नांगरटीच्या तुलनेत सरासरी १३७ टक्क्यांनी अधिक दिसली होती.

अर्थात या पद्धतीत तणनाशकावर भिस्त आहे, आणि नैसर्गिक शेतीच्या अनेक पुरस्कर्त्यांना ती खटकते. त्यांचा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परंतु त्यांच्या रासायनिक शुद्धतेच्या आग्रहात नांगर आणि रोटाव्हेटर यांना मात्र क्वचितच जाब विचारला जातो, हेही नोंदवले पाहिजे. विना-नांगरट जमिनीत वाढलेला कर्ब बराचसा वरच्या चार-सहा इंचांत साठतो, खाली तेवढा नाही, हे सांगणेही प्रामाणिकपणाचे ठरेल.

नैसर्गिक शेतीचाच विषय निघाला म्हणून पद्मश्री सुभाष पाळेकर यांच्या प्रसिद्ध वादाचाही उल्लेख करायला हवा. अमरावती जिल्ह्यातून निघून त्यांचा विचार देशभर पोहोचला. खताच्या ढिगातील विदेशी गांडुळाला ते गांडूळच मानत नाहीत आणि त्याच्या खतातून जड धातू जमिनीत जातात, असे सांगतात. यातील पहिला भाग तत्त्वतः बरोबर दिशेचा आहे : हा जीव शेतजमिनीचा कारागीर नव्हे. प्राणिशास्त्राने मात्र तो गांडूळच आहे. धातूंविषयी वस्तुस्थिती अशी की, कॅडमियमसारखे धातू हा जीव स्वतःच्या शरीरात साठवतो खरा, पण ते येतात कचऱ्यातून. शहरातील मिश्र कचरा किंवा कारखान्याचा गाळ वाफ्यात घातला तर खत दूषित होईल. गोठ्यातील शेण आणि शेतातील काडी घातली तर त्याला विष म्हणण्याचे कारण उरत नाही. खत नियंत्रण आदेशात धातूंच्या मर्यादा घालून दिल्या आहेत त्या याचसाठी.

शहरी कुटुंबांचा हिशेब मात्र निराळा आणि अधिक सरळ आहे. गॅलरीतल्या डब्यात भाजीची देठे आणि चहाचा चोथा टाकून गांडूळखत करणाऱ्या गृहिणीने आपण हवेतील कर्ब जमिनीत साठवतो आहोत, असे समजण्याची गरज नाही; तिचे श्रेय त्याहून रोकडे आहे. हाच ओला कचरा उरुळी-फुरसुंगीसारख्या डेपोवर दाबून टाकला की हवेअभावी त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने मिथेनची उष्णता धरण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसपटीहून अधिक आहे. डब्यातल्या गांडुळांनी तो मिथेन होऊच दिला नाही. कचरा वेचणाऱ्यांचे हात आणि डेपोशेजारच्या गावांची नाके यांवरचे उपकार त्यात धरलेलेच नाहीत. शेडमधल्या जातीचे गांडूळ जर खरोखर कुठे शोभत असेल, तर ते येथे.

प्रश्न गंभीर होतो तो बाजार आल्यावर. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतील स्वैच्छिक कार्बन बाजारासाठी आराखडा जाहीर केला. शेतकऱ्याने जमिनीत राखलेल्या कर्बाचा मोबदला त्याला मिळावा, ही कल्पना स्वागतार्ह आहे. पण मोबदला मिळतो मोजलेल्या मालाचा. ०.०४ टक्का वाढ माती परीक्षणाच्या नेहमीच्या चुकीतच बुडून जाते. ती सिद्ध करण्यासाठी शेतातून अनेक नमुने, अनेक खोलींवर, अनेक वर्षे घ्यावे लागतात, आणि तो खर्च दोन एकरांच्या धन्याला झेपणारा नाही. अशा वेळी ‘गांडूळ प्रकल्प लावा, कार्बनचे पैसे मिळवा’ म्हणत दारात येणाऱ्या मध्यस्थाला काय विचारायचे, हे गावातल्या कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. गांडुळांच्या नावावर माणसे यापूर्वीही बुडाली आहेत. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील एका कंपनीने गांडुळे विकली आणि वाढलेली परत विकत घेण्याचे करार केले. २००३ मध्ये ती कोसळली आणि घरोघरच्या वाफ्यांत गिऱ्हाईक नसलेली गांडुळे उरली. इमूपालनाची आठवण महाराष्ट्रात अजून ताजी आहे, त्यामुळे अधिक सांगायला नको.

सरकारी व्यवस्थेतही एक उणीव आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथे पंतप्रधानांनी मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ केला, आणि कोट्यवधी शेतकऱ्यांच्या हाती आपल्या जमिनीचा कागद आला, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या पत्रिकेत बारा निकष आहेत. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. सगळे रासायनिक. जमीन किती घट्ट झाली आहे, तिचे गुंडाळे पाण्यात टिकतात की नाही, तिच्यात जीव आहे की नाही, यासाठी एकही रकाना नाही. जे मोजले जात नाही त्याला योजना येत नाही आणि अनुदानही येत नाही. म्हणून पैसा शेडकडे आणि गोणीकडे वळतो.

हा रकाना भरण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, फावडे पुरते. आषाढ-श्रावणात जमीन वाफशावर असताना सकाळच्या वेळी एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल असा मातीचा ठोकळा काढायचा, तो गोणपाटावर पसरून हाताने फोडायचा आणि गांडुळे मोजायची. असाच दुसरा ठोकळा त्याच शेताच्या न नांगरलेल्या बांधावरून घ्यायचा. दोन्हीकडचे एकेक लहान ढेकूळ सावलीत वाळवून काचेच्या पेल्यातील पाण्यात अलगद सोडायचे आणि कोणते किती वेळ उभे राहते ते पाहायचे. माती एकच असल्याने तुलना खोटी ठरत नाही. गावातील शाळेची मुले हे काम हौसेने करतील आणि दर वर्षी त्याच जागी करून वहीत लिहून ठेवतील. बांधावर दहा आणि शेतात शून्य असा आकडा निघाला, तर शेडच्या अनुदानाचा अर्ज भरण्याआधी त्या शेतातील रोटाव्हेटर आणि काडेपेटी यांचा विचार करावा लागेल.